पुनामामाचा दहावा

नासीर पिंजारी पडायला शिकला तो वडिलांच्या गाद्यांच्या दुकानात. जळगावात सुभाष चौकाच्या मागच्या गल्लीत हे दुकान होतं. वडील कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, आणि गिऱ्हाइकानं "महिन्याभरात बसणार तर नाही ना?" असं विचारलं की नुसतं माळ्याकडे बघायचे. माळ्यावर नासीर तयारच असायचा. तो वरून थेट गादीवर पडायचा. लग्नाची गादी असली तर अलगद, सुस्कारा सोडून. होस्टेलच्या पोराची असली तर धप्पदिशी, गुडघे पोटाशी घेऊन. पुढे पुढे गिऱ्हाइकं गादी घेतल्यावरही थांबू लागली. "अजून एकदा पाड त्याला," म्हणायची.

अंगात एवढा जोर की त्याला एका जागी उभं राहता येत नसे. न्हावी त्याचे केस दोन बैठकींत कापायचा. शाळेत राष्ट्रगीताला मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहायचे, आणि मग मास्तरही हलायचे.

त्याला पहिल्यांदा पडद्यावर आणलं ते भिकमचंद शेठनी. शेठची डाळमिल होती आणि त्यांना गावातल्या केबलवर जाहिरात करायची होती. नासीरनं तूरडाळीच्या ढिगात पडायचं आणि वर येऊन हसायचं, एवढंच काम. सत्तावीस सेकंदांच्या जाहिरातीत तो आठ वेळा पडला. जाहिरात लागली आणि आठवडाभरात दुकानदारांचे फोन सुरू झाले. निम्मी गिऱ्हाइकं विचारत, हा माणूस पडला तीच डाळ आहे का, आम्हाला तीच पाहिजे. निम्मी विचारत, तीच तर नाही ना? भिकमचंद शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी दोन प्रकारची पोती काढली. एकावर नासीरचा फोटो होता, दुसऱ्यावर छापलं होतं, 'या डाळीत कोणीही पडलेले नाही.' डाळ दोन्हीत एकच होती.

तिथून तो खान्देशी विनोदी व्हिडिओंत गेला. मोबाइलवर त्याचं पडणं नंदुरबारपासून बऱ्हाणपूरपर्यंत पोचलं. मग मुंबईचं बोलावणं आलं. तीन सिनेमे केले. पहिल्यात तो विहिरीत पडला, दुसऱ्यात लग्नाच्या मांडवावर, तिसऱ्यात भाजीच्या कढईत. तिन्ही सिनेमांत त्याला नाव नव्हतं. पाट्यांमध्ये 'पडणारा माणूस – नासीर' असं यायचं.

नाव मिळालं ते मालिकेत. 'उलटं कुलूप' नावाची कौटुंबिक मालिका होती, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात. तिच्यातल्या नायिकेचा खान्देशातला मामा म्हणजे पुनामामा. काम ठरलेलं. घरात भांडण टिपेला पोचलं की पुनामामा भरताचं पातेलं डोक्यावर घेऊन दारातून धावत येणार, "उनू ना मी" म्हणत आल्याची वर्दी देणार आणि उंबऱ्याला अडखळून पडणार. भरीत सांडणार, भांडण मिटणार. हे चार वर्षं चाललं. पातेल्यात भरीत नसायचं, रंग दिलेला कापूस असायचा. तो नासीरनं घरूनच नेलेला होता.

मुंबईच्या लेखकाला पुनामामासाठी एक गाव हवं होतं. त्यानं 'पिंपळझिरी' असं नाव बसल्या बसल्या लिहून टाकलं. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागांत त्याच नावाचं चारशे घरांचं गाव खरोखरच आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पिंपळझिरीला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. आपला माणूस टीव्हीवर आहे, ही गोष्ट गावानं शांतपणे स्वीकारली. एकच अडचण होती. पुनामामा धुळ्याकडची अहिराणी बोलायचा, 'काय शे' म्हणायचा, आणि पिंपळझिरीत तसं कुणी बोलत नाही. गावानं चर्चा करून ठरवलं की त्याचं आजोळ धुळ्याकडचं असणार, लहानपण तिकडे गेलं असणार. प्रश्न मिटला.

चौथ्या वर्षाच्या शेवटी मालिकेचे प्रेक्षक घटायला लागले आणि वाहिनीनं ठरवलं की कुणीतरी मेलं पाहिजे. नायिका मरू शकत नव्हती, सासूचा करार पक्का होता. उरला पुनामामा.

नासीरला हे संवादांचा कागद हातात आल्यावर कळलं. शिडीवर चढून केळीचा घड उतरवताना पडतो आणि जातो, असं लिहिलं होतं. त्याला वाईट वाटलं, पण पडायचंय म्हटल्यावर तो कामाला लागला. शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबत, घड झेलत, एकदा सावरत, पुन्हा घसरत, खाली आल्यावर उठून बसत, पाणी मागत आणि ते पाणी नाकात जाऊन ठसकत तो अकरा मिनिटं मेला. युनिटमधली माणसं तोंडात रुमाल कोंबून उभी होती. दिग्दर्शकानं त्यातली चाळीस सेकंदं ठेवली. शनिवारी ती दाखवली गेली. भाग संपताना पुनामामाच्या फोटोला हार घातला होता.

दुसऱ्या दिवशी नासीर जळगावला उतरला. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानं त्याची बॅग घेतली, ठेवली, आणि रिक्षा सुरू करायच्या आधी हात जोडले.

"वाईट झालं भाऊ," तो म्हणाला.

"अरे, मी समोर बसलोय ना तुझ्या," नासीर म्हणाला.

"तुम्ही आहातच हो. पण मामा गेले ना." घरापाशी रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत. दुःखात घेत नाही म्हणाला.

दारात चपलांचा ढीग होता. आत पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसलेली. नासीरची बायको जरीना चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. ती उर्दू शाळेत गणित शिकवते, तिला गोष्टी स्पष्ट लागतात.

"हे कोण?" नासीरनं स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"भेटायला आलेत. सकाळपासून तिसरी खेप आहे."

"कोणाला भेटायला?"

"तुम्हाला. मयताच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच." ती साखरेचा डबा शोधत होती. "मी सांगून बघितलं की माणूस जिवंत आहे, गाडीत आहे. ते म्हणाले, वहिनी, धीर धरा."

नासीर बाहेर जाऊन बसला. लोक पुनामामाच्या आठवणी सांगत होते. त्यानं कुणाला कसं हसवलं, कोणाच्या आजारपणात त्याचे भाग कसे लावून ठेवले होते. एका म्हाताऱ्यानं नासीरच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुझं कसं व्हायचं आता?" नासीरला बरंही वाटत होतं आणि आतून काहीतरी टोचतही होतं. एवढी माणसं आली होती. पण तो जागेवर जरा चुळबुळला, पाय हलवला, तर शेजारचा हळूच म्हणाला, "आज नको भाऊ. आजचा दिवस तरी."

तीन दिवसांनी पिंपळझिरीचे सरपंच रुपचंद पाटील दोन माणसं घेऊन आले. पांढरा सदरा, हातात निमंत्रणाचा कागद.

"सोमवारी दहावा आहे," रुपचंद म्हणाले. "पाठोपाठ शोकसभा. तुम्ही प्रमुख पाहुणे."

"दहावा कोणाचा, पुनाचा?"

"गावात दुसरं कोणी गेलेलं नाही."

नासीरनं जरीनाकडे पाहिलं. जरीनानं विचारलं, "त्याचा दहावा करणार कोण? त्याला तुमच्याकडे नातेवाईक आहे का?"

"आहे ना. बहीण आहे," रुपचंद म्हणाले.

ही बहीण म्हणजे भागाबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, केळीच्या बागेत मजुरी करून एकटीनं राहिलेली. भाऊ कधी नव्हताच. मालिकेच्या पहिल्या वर्षी भाऊबीजेच्या भागात पुनामामा पडद्यातून बाहेर बघत म्हणाला होता की मला बहीण नाही, जी माझ्यासाठी दिवा लावील ती माझी बहीण. हे वाक्य दोन कोटी लोकांनी ऐकलं आणि विसरून गेले. भागाबाईनं उठून दिवा लावला, टीव्हीला ओवाळलं. पुढची तिन्ही वर्षं न चुकता ओवाळलं. आता ती सुतक पाळत होती.

नासीर एसटीनं यावलला आणि तिथून रुपचंदच्या जीपनं पिंपळझिरीला गेला. गावाच्या तोंडाशीच मोठा फलक होता. वर काळ्या-पांढऱ्या रंगात त्याचाच फोटो, खाली 'आमचे लाडके पुनामामा यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याखाली 'प्रमुख पाहुणे', आणि तोच फोटो रंगीत.

ओढ्याकाठी निम्मं गाव जमलं होतं. तिघांनी क्षौर केलं होतं. त्यातल्या एकाला तसंही डोकं साफ करायचंच होतं. भागाबाई बारीक चणीची, पांढऱ्या लुगड्यातली बाई. तिनं नासीरला पाहिलं, वाकून नमस्कार करू दिला आणि म्हणाली, "त्याच्यावानीच दिसतो रे तू."

"अक्का, मीच तर..." नासीर म्हणायला लागला आणि थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पिंड मांडला. सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले होते, चांगले सात-आठ. एकही खाली येईना. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला.

"इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले.

रुपचंद पुढे झाले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "मामा, भाचीच्या लग्नाची काळजी करू नका. वाहिनीला पत्र लिहू." कावळे हलले नाहीत. मागून कुणीतरी सुचवलं, साडेसातला वीज जायची आणि त्याचे भाग बुडायचे, ते मनाला लागलं असेल. रुपचंदनी विजेचंही वचन दिलं. एक कावळा उडाला, पण दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

मग सगळे नासीरकडे वळले. "भाऊ, तुम्ही चार वर्षं त्याच्या अंगात होता," भटजी म्हणाले. "काय राहिलं त्याचं?"

नासीरनं खरंच विचार केला. असा विचार त्यानं पूर्वी कधी केला नव्हता. "भरीत," तो म्हणाला. "चार वर्षं डोक्यावर वाहिलं त्यानं. त्याच्या तोंडात एक घास गेला नाही."

बायका घरी धावल्या. वीस मिनिटांत भाजलेल्या वांग्यांचं, हिरव्या मिरचीचं, कांद्याच्या पातीचं गरम भरीत आलं. पिंडाशेजारी पानावर वाढलं. वास सगळीकडे सुटला, माणसांच्या तोंडाला पाणी आलं. कावळे बघत राहिले.

शेवटी भागाबाई नासीरजवळ आली. "तू जरा तिकडे जाय बरं," ती म्हणाली. "देवळामागे. तुया देखत तो लाजत असीन."

नासीर देवळामागे गेला. भिंतीला टेकून उभा राहिला तोच पलीकडून गलका झाला. कावळा शिवला होता. एक नाही, सगळेच उतरले होते. त्याला भिंतीआडून दिसलं, भागाबाई जमिनीला डोकं टेकवत होती.

शोकसभेत तो मंचावर बसला. एकजण बोलायला उठला आणि म्हणाला की पुना आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर होतो, पेन्सिल तो कायम माझी वापरायचा. नासीरला त्या माणसाची माफी मागावीशी वाटली. नासीरला बोलायला सांगितलं तेव्हा तो उठला आणि माइकपर्यंत सरळ चालत गेला. "चांगला माणूस होता," तो म्हणाला. "दमायचा फार. तुम्हाला दिसलं नसेल." एवढं बोलून बसला. कोणी हसलं नाही. पुढच्या ओळीत दोन बायका रडायला लागल्या.

घरी येऊन त्यानं जरीनाला सगळं सांगितलं. "मी तिथून गेलो तेव्हाच कावळा शिवला," तो म्हणाला. "म्हणजे बघ. त्यांना मी नकोच होतो तिथं."

"तुम्ही हातपाय हलवत उभे असाल," जरीना म्हणाली. "कावळा भितो."

तो खरंच हलवत होता.

पुढचे दोन महिने काम आलं नाही. मेलेला माणूस विनोदी कार्यक्रमात बरा दिसत नाही, असं एका निर्मात्यानं सांगितलं. नासीर दुकानात बसायला लागला. गाद्या चांगल्या खपल्या, पण गिऱ्हाइकं कुजबुजत बोलायची.

मग वाहिनीचा माणूस आला. संयम नाव, धुळ्याच्या कापडवाल्या जैन घरातला, तिशीच्या आतला, दोन फोन असलेला. पुनामामा गेल्यावर मालिकेचे प्रेक्षक वाढायच्या ऐवजी निम्मे झाले होते.

"मामांना परत आणतोय सर," संयम म्हणाला. "शिडीवरून पडला तो मामा नव्हता. मामासारखा दिसणारा होता."

"मग मामा कुठे होता?"

"ते लेखक बघतायत."

नासीर आनंदानं उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. पण बातमी पिंपळझिरीला पोचली आणि चार दिवसांत ग्रामपंचायतीच्या कागदावर पत्र आलं. ज्याचा दहावा झाला, कावळा शिवला, तो माणूस उंबऱ्यातून तसाच आत येऊ शकत नाही. भटजींनी पोथी पाहिली आहे. यायचंच असेल तर त्यानं पुन्हा जन्म घ्यावा. निदान बारसं तरी व्हावं. ते गाव करील. खाली रुपचंद पाटलांची सही आणि शिक्का.

संयमनं पत्र दोनदा वाचलं. "सर," तो हळू आवाजात म्हणाला, "हे आपण थेट दाखवायचं."

जरीनानं स्पष्ट विचारलं, "शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला पाळण्यात घालणार?"

"फक्त वीस मिनिटं, वहिनी."

"वजन अठ्ठ्याहत्तर आहे."

"गावात छगन मिस्तरी आहेत. ते म्हणाले, होऊन जाईल."

छगन मिस्तरीनं पाळणा सागाचा केला. साखळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या लावल्या, आणि तो देवळापुढच्या मांडवात लोखंडी तुळईला टांगला. आधी त्यात केळीचे घड ठेवून पाहिले, मग स्वतः बसून पाहिलं, मग रुपचंदना बसवून. नासीरनं पाळण्यासाठी गादी स्वतः भरली, नवा कापूस, बारीक टाके. त्याला ते काम करताना फार बरं वाटलं.

बारशाच्या दिवशी जरीनाही आली. ती म्हणाली, मी लांब उभी राहीन, पण साखळी तुटली तर कोणीतरी शहाणं जवळ पाहिजे. गावात वाद चालला होता की नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि भागाबाई तर बहीण. बहीण आत्या कशी होईल? रुपचंदनी निकाल दिला की मागच्या जन्मीची बहीण या जन्मी आत्या व्हायला हरकत नाही. भटजी म्हणाले, पोथीत विरोध नाही.

नासीर पाळण्यात चढला. डोक्याला कुंची बांधली होती. बायकांनी पाळण्याला हात लावला, गाणं सुरू केलं, साखळ्या कुरकुरल्या. संयमनं सांगितलं होतं, बाळासारखे हातपाय हलवा सर, लोकांना आवडेल. जन्मभर ज्याला गप्प बस म्हणून सांगितलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी हलायला सांगत होतं. पण झोका सुरू झाला आणि नासीर एकदम निपचित झाला. वर मांडवाचं कापड, त्यातून झिरपणारं ऊन, आजूबाजूला अनोळखी बायकांचे वाकलेले चेहरे. त्याला झोप यायला लागली.

संयमनं भागाबाईच्या हातात चिठ्ठी दिली. "आजी, यावर नाव लिहिलंय. कानात म्हणायचं, मग मोठ्यानं."

"वाचता येते मले," भागाबाई म्हणाली. तिनं चिठ्ठी वाचली, घडी करून कमरेला खोचली आणि पाळण्यात वाकली.

"कुर्रर्र," ती नासीरच्या कानात म्हणाली. मग तिनं तोंड आणखी जवळ नेलं. तिच्या अंगाला कडुलिंबाच्या साबणाचा वास होता. "नासीर," ती म्हणाली.

ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "नासीर."

रीत म्हणून बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"आजी, पुना," संयम कॅमेऱ्याच्या बाजूनं म्हणाला. "पुना म्हणायचंय."

"पुना गेला," भागाबाई म्हणाली. "मी पाणी सोडलं त्याले. एका माणसाले किती डाव वापस बोलावान रे? त्याले बी आराम पाहिजे." तिनं नासीरच्या कपाळावरची कुंची सारखी केली. "याच्या मायनं याचं काही नाव ठेवलं असीन ना? मंग तेच चांगलं हाय. नवं कायले?"

भटजींनी पोथी चाळल्यासारखं केलं. रुपचंदनी गावाकडे पाहिलं, गावानं रुपचंदकडे. शेवटी रुपचंद म्हणाले, "नाव ठेवलं गेलं. घुगऱ्या वाटा."

नासीर पाळण्यात तसाच पडून होता. चार वर्षं रस्त्यात, एसटीत, लग्नात, दवाखान्यात लोकांनी त्याला मामा म्हणून हाक मारली होती. घरातली माणसं सोडली तर स्वतःचं नाव त्यानं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याला उठावंसं वाटेना. जरीनानं येऊन पाळणा थांबवला. "उतरा," ती म्हणाली, "साखळीची कडी उघडायला लागलीय." तो उतरला आणि कडी खरंच उघडली. पाळणा एका बाजूनं खाली आला. छगन मिस्तरी म्हणाला, बाळ उतरल्यावर पडला, म्हणजे काम चोख झालं.

हे सगळं थेट दिसलं होतं. वाहिनीला आता पुनामामा परत आणता येईना. आणला असता तर प्रेक्षकांनी भागाबाईची बाजू घेतली असती. लेखकानं एक नवं पात्र लिहिलं. पिंपळझिरीचा गादीवाला, पुनाचा लंगोटीयार, दिसायला हुबेहूब, नाव नासीर. जरीनानं करारात एक ओळ घालायला लावली: हे पात्र कोणत्याही कारणानं मरणार नाही. फार तर सुरतला जाईल. मालिका आणखी आठ महिने चालली आणि शेवटच्या आठवड्यात तो सुरतला गेला. भागाबाईनं त्याला टीव्हीवर पाहिलं की नाही माहीत नाही. पण त्या दिवाळीत तिनं निरोप पाठवला की येऊन जा, आणि नासीर भाऊबीजेला पिंपळझिरीला जाऊन ओवाळून घेऊन आला. भरीतही खाल्लं.

मग धुळ्यात एका सिनेमाचं काम आलं. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात चित्रीकरण होतं. नासीर मुलीचा बाप होता. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी निघालेली, आणि त्यानं तिची बॅग घेऊन दारातून रिक्षापर्यंत चालत जायचं. संवाद नाही. दिग्दर्शिका त्याला तीनदा म्हणाली, "भाऊ, यात पडायचं नाहीये." तो म्हणाला, "समजलं."

दुसऱ्या टेकला तो दारातून निघाला आणि दिव्याच्या वायरीत पाय अडकून खरंच पडला. बॅगेसकट, कोपरावर. सगळं युनिट धावत आलं. लाइटवाला, मेकअपवाला, रिक्षा चालवणारा, मुलीचं काम करणारी नटी. कोणी बखोटीला धरलं, कोणी पाणी पुढे केलं. "लागलं का भाऊ?" मेकअपवाल्यानं विचारलं.

लहानपणापासून नासीर हजारो वेळा पडला होता, आणि पडल्यावर लगेच उठायचं हीच त्याची विद्या होती. तो उठला नाही. "लागलं," तो म्हणाला.

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. कुणीतरी बाहेरच्या सरबताच्या गाडीवरून बर्फ आणला. अर्धा तास तो कोपरावर बर्फ धरून बसून राहिला आणि लोक अधूनमधून येऊन विचारत राहिले. मग त्यानं तो शॉट दिला. पाय जरा लंगडत होता, दिग्दर्शिकेनं तसाच ठेवला.

सिनेमा जळगावात लागला तेव्हा तो जरीनाला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. थेटरात चाळीसेक माणसं होती. तो बाप रिक्षापर्यंत चालत गेला आणि परत दाराकडे आला तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं.

"यात तुम्ही नक्की केलं काय?" बाहेर आल्यावर जरीनानं विचारलं.

"चाललो," नासीर म्हणाला.

"बरं चाललात," ती म्हणाली, आणि दोघं स्कूटर लावली होती तिकडे वळले.